चार वायरी आणि एक माणूस

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतली रुपचंदशेठची शेड त्या वर्षी पावसाळाभर बंद होती. तेवढ्यात उंदरांनी आपला कारभार उरकला. कॉम्प्युटरवर चालणारं जुनं मिलिंग मशीन शेठने पुण्याहून आणलं होतं. त्याच्या पॅनलमधल्या वायरींचे रंग तेलाने आधीच काळे पडले होते, आता उंदरांनी काही वायरी पॅनलपासून कुरतडून तोडल्या आणि त्यांच्यावरच्या नंबरांच्या चकत्याही खाल्ल्या.

मशीन चालवायचा सुकदेव आणि त्याची वीज सांभाळायचा तोताराम. दोघं तरुणपणी शिंदखेड्याला शेतपंपांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचे, तेव्हापासूनची जोडी. शेड बंद पडली तसा तोताराम मुलाकडे सुरतेला गेला. सुकदेवची बायको वारलेली, मुलगी सासरी. तो राखणीला म्हणून शेडमध्येच राहिला. सकाळी भाकर करायची, तीच संध्याकाळी खायची, मधल्या वेळात स्टेशनातल्या गाड्या ऐकायच्या. कधीकधी दिवस मावळताना लक्षात यायचं की आज तोंडातून एक शब्दही निघाला नाही.

पोळ्यानंतर शेठ धुळ्याहून आला. नवं काम मिळत होतं. शुक्रवारी सकाळपर्यंत मशीनचं माल सरकवणारं टेबल हललं तर शेड उघडू, तोतारामलाही बोलावून घेऊ. नाही हललं तर मशीन भंगारात, असं तो म्हणाला. सुकदेवने त्यातलं तोतारामचं तेवढं मनात ठेवलं आणि कामाला लागला.

टेबल सरकवणारी मोटर पंपाच्या मोटरीसारखी गरागरा फिरत नाही. ती एकेक पाऊल टाकते, म्हणून तिला स्टेपर म्हणतात. तिच्या पोटात तारेची दोन वेटोळी असतात आणि प्रत्येकाची दोन टोकं बाहेर येतात. अशा चार वायरी. कोणती टोकं एका वेटोळ्याची, हे आधी शोधायचं. वायरी तपासायचा मीटर तोतारामचा होता, तो त्याच्याबरोबर सुरतेला गेलेला. पण मीटरवाचूनही एक रीत आहे. पॅनलपासून सोडवलेल्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या आणि मोटरीचा दांडा हाताने फिरवायचा. जोडी खरी असेल तर दांडा जड जातो, नसेल तर हलकाच फिरतो.

हे काम दोघांचं. पूर्वी तोताराम पॅनलशी वायरी धरायचा आणि सुकदेव पलीकडे दांडा फिरवून जड की हलका ते सांगायचा. चुकलं की तोताराम तिकडून टोमणा हाणायचा, "हाऊ हात शे का लाकूड?"

आता वायरी पिळायच्या, मशीनला वळसा घालायचा, दांडा फिरवायचा, परत यायचं. पहिली वायर दुसरीशी जोडली, हलका. तिसरीशी जोडली, जड. म्हणजे पहिली-तिसरी एक जोडी आणि उरलेल्या दोन आपोआप दुसरी. "जड," सुकदेव मोठ्याने बोलला. रिकाम्या शेडमध्ये आपलाच आवाज त्याला परका वाटला.

गुरुवारी दुपारी त्याने वायरी पॅनलला लावून बटण दाबलं. टेबल हललं, पण उलटं. डावीकडचं बटण दाबलं की उजवीकडे जायचं. इथे पंपवाल्याच्या हाताने दगा दिला. पंप उलटा फिरला की तीनपैकी कोणत्याही दोन वायरी बदलायच्या आणि मोकळं व्हायचं, ही सवय अंगात मुरलेली. त्याने हाताशी आलेल्या दोन वायरी बदलल्या. मोटर जागच्या जागी थरथरली, गुरगुरली, टेबल तसूभरही सरकलं नाही.

 मोटर जळाली असेल तर भंगारवाला येणार, आणि तोताराम काही येणार नाही. सुकदेवने मेन बंद करून मोटरीवर हात ठेवला. तापली नव्हती, जळका वासही नव्हता. तो स्टुलावर बसून वायरी बघू लागला. पंपात तिन्ही वायरी सारख्या, कुणालाही कुणाच्या जागी चालतं. इथे दोन जोड्या. दोन जोड्यांतला एकेक बैल सोडून अदलाबदल केली, तर दोन्ही जुवं अडणारच. बदलायची ती एकाच जोडीची टोकं. त्याने वायरी पूर्ववत केल्या, मग फक्त दुसऱ्या जोडीची दोन टोकं उलटी लावली. टेबल सांगितलं तिकडे, सांगितलं तेवढंच गेलं.

शुक्रवारी शेठ आला. त्याने टेबल दोनदा इकडून तिकडे पळवलं, खूश झाला आणि कोणाला आणलं होतं म्हणून विचारलं. सुकदेवने मान हलवली. कोणालाच नाही.

"बठ्ठं तू एकलानी करं?" शेठ हसला. "मंग आते तोताराम कसाले जोयजे?"

तोताराम कशाला हवा, ते सांगायला सुकदेवने तोंड उघडलं. एकट्याने वेळ फार लागतो, असं म्हणावं, तर काम वेळेत झालं होतं. चूक होते म्हणावं, तर ती त्यानेच दुरुस्त केली होती. कामातलं एकही कारण सुकदेवला सापडेना.

"शेजारी माणूस असलेला बरा, भाऊ," तो शेवटी म्हणाला.

शेठने त्याच्या पाठीवर थाप मारली, सोमवारी माल पाठवतो म्हणाला आणि तोतारामचं नाव न काढताच स्कूटरला किक मारली. स्कूटरचा आवाज धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सुकदेव दारात उभा राहिला. मग आत जाऊन त्याने टेबल पुसायला घेतलं.