बोक्याची सरासरी

मी एक जुना मध्यक आहे. नाव ऐकूनच तुम्हांला जांभई आली असेल, तर खुशाल द्या. मला सवय आहे. संगणकाच्या स्प्रेडशीटमध्ये मला ‘मीडियन’ म्हणतात. अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे जिथे तयार होतात, अशा एका केंद्राच्या गुणतक्त्यात मी राहतो. राहतो म्हणजे काय, अडगळीतल्या पाटासारखा पडून असतो.

मित्रांनो, माझा जन्म मात्र थाटात झाला होता. तेव्हाच्या व्यवस्थापकबाईंनी बरोबरचे चिन्ह टाकले, माझे नाव लिहिले, कंसात गुणांच्या चौकटींचा पत्ता दिला आणि एन्टरची कळ दाबली. झालो मी जन्माला! शेजारच्या रकान्यात माझी थोरली बहीण सरासरी आधीच ठाण मांडून बसली होती. थोरलीचे काम सगळ्यांना ठाऊक आहे. ती सगळे गुण एका पातेल्यात ओतते आणि सारखे वाटून टाकते. मी तसे करत नाही. मी सगळ्या गुणांना लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करतो आणि मधोमध कोण आहे ते सांगतो. आमचे आणखी दोन भाऊ आहेत, कमाल आणि किमान. एकाला फक्त सर्वांत मोठा दिसतो, दुसऱ्याला सर्वांत लहान. त्यांच्याशी माझे फारसे जमत नाही.

प्रत्येक कुत्र्याला रोज दहापैकी गुण मिळत. एकदा एक नवी कुत्री कानाजवळ भोंगा वाजल्यामुळे भेदरून बसली आणि त्या दिवशी तिला जेमतेम एक गुण मिळाला. थोरलीचा आकडा घसरला. मी जागचा हललो नाही. बाईंनी आम्हां दोघांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “तुमच्यात एवढं अंतर पडलंय म्हणजे एखाद्या दिवशी काहीतरी घडलंय.” त्यांनी चौकशी केली आणि ती कुत्री केंद्रात राहिली. “हा मध्यक फार गुणाचा आहे,” असे त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी कितीतरी महिने खूश होतो.

मग बाई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. त्यांना रिकामी चौकट डोळ्यांत खुपायची. “एकही जागा मोकळी दिसता कामा नये,” असा त्यांनी हुकूम काढला. कारकूनकाकांना कागद वाचवायचा होता. सगळा तक्ता एकाच पानावर छापून यावा म्हणून त्यांनी माझा रकाना इतका अरुंद केला, की माझा आकडा त्यात मावेना. आकडा मावला नाही की स्प्रेडशीट तिथे नुसती जाळीसारखी चिन्हे काढते. म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट! उत्तर पाठ आहे, पण बोलायची सोय नाही. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली असेल, तर त्यालाच माझी चिडचिड कळेल.

खरा घोटाळा पुढेच आहे. नवी तुकडी आली आणि काका नवा तक्ता करायला बसले. थोरलीचे नाव ‘अ‍ॅव्हरेज’. ते लिहिता लिहिता संगणकाने खाली आणखी नावे सुचवली. त्यात आमची एक चुलत बहीण होती. तिच्या नावाच्या शेवटी एक ‘ए’ जास्त आहे, बाकी सगळे तेच.

“हे सुधारलेलं असणार,” काका स्वतःशीच म्हणाले. “उगाच कशाला कोण एक अक्षर वाढवेल?”

अहो काका, नावात अक्षर वाढले म्हणून अक्कल वाढते का? आकड्यांच्या रांगेत एखादा शब्द आला तर थोरली त्याला वगळून पुढे जाते. मीही तसेच करतो. ही चुलत बहीण मात्र शब्द दिसला की त्याला शून्य धरते आणि मोकळी होते. ती वाईट नाही. जिथे शून्यच धरायचे असते, तिथे ती कामाची आहे. पण तिला इथे कोणी बोलावले होते?

त्या तुकडीत बोका होता. बोका हे कुत्र्याचे नाव, हसू नका. लहानपणी तो दिवसभर खिडकीत अंगाचे वेटोळे करून झोपायचा, म्हणून त्याला शिकवणाऱ्या ताईंनी ते ठेवले. तो पियानोकाकांकडे जाणार होता. पियानोकाका म्हणजे घरोघर जाऊन पियानो सुरात लावून देणारे गृहस्थ. दृष्टी गेल्यापासून ते काठी टेकत कामाला जात. बोक्याचा पट्टा धरून ते आठवड्यातून दोनदा चौकापर्यंत जाऊन येत आणि परत येताना दोघांच्याही चालीत रुबाब असे.

मध्येच बोक्याच्या पंजात काच गेली. ताई रोज त्याची पट्टी बदलत आणि संध्याकाळी त्याच्या चौकटीत ‘आराम’ असे लिहीत. पूर्वी त्यांनी ती जागा मोकळी सोडली असती, पण साहेबांचा हुकूम होता ना! ताईंनी मायेने लिहिलेला प्रत्येक ‘आराम’ चुलत बहिणीने शून्य म्हणून गिळला.

निवडीच्या बैठकीत भिंतीवरच्या पडद्यावर फक्त शेवटचे आकडे दाखवले. पास व्हायला सात हवे होते. बोक्याच्या नावापुढे सहासुद्धा नव्हते.

“शक्यच नाही!” ताई म्हणाल्या. “मी रोज बघते त्याला. गाडी आली की माझ्याआधी थांबतो तो.”

“ताई, तुमचा जीव जडलाय त्याच्यावर,” साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “आकड्याचा जीव कुणावर जडत नाही.”

मित्रांनो, मी शेजारच्याच अरुंद रकान्यात जाळी होऊन बसलो होतो. माझ्याकडे साडेआठ हा आकडा तयार होता. मी काय करणार, कपाळ? गुण आपणच दिलेत, तेव्हा हिशोबात आपलेच काही चुकत असेल, असे ताईंना वाटले. त्या आठवड्यात बोका एका कुटुंबाला पाळायला दिला.

काही दिवसांनी पियानोकाका कार्यालयात आले.

“मला कारण हवंय,” ते म्हणाले. “बोक्याचे रोजचे गुण मला वाचून दाखवा.”

“सगळे?” कारकूनकाकांनी विचारले.

“सगळे. बघता येत नाही, ऐकता येतं.”

काका वाचू लागले. “आठ. नऊ. नऊ. आठ. आराम. आराम. आराम...” पुढचे सगळे ‘आराम’ वाचून ते पुन्हा आठ-नऊवर आले आणि अडखळले. “अहो, यात तर सातच्या खाली एकही नाही!” त्यांनी घाईघाईने माझा रकाना ओढून रुंद केला. साडेआठ! मग त्यांनी शेजारचे सूत्र नीट वाचले आणि डोक्याला हात लावला.

ताई धावत आल्या. “म्हणजे मी लिहिलेल्या ‘आराम’चं शून्य झालं?” त्यांनी तिथूनच त्या कुटुंबाला स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या बाईने सगळे ऐकून घेतले.

“न्या,” ती म्हणाली. “पण आमची धाकटी शाळेतून यायच्या आत न्या. तिच्यासमोर मला जमायचं नाही.”

पियानोकाकांनी फोनच्या दिशेने हात पुढे केला. “राहू द्या त्याला तिथं. एकदा त्याचं घर हललं तेवढं पुरे. माझ्यासाठी पुन्हा नको.”

“पुढच्या तुकडीत तुमचाच पहिला नंबर,” साहेब म्हणाले.

“ती कधी?”

“वर्षभर तरी लागेल.”

पियानोकाकांनी मान हलवली, घडीची काठी उघडली आणि ते निघाले. फाटकापर्यंत ताई त्यांच्या कोपराला धरून गेल्या. पुढे ते एकटेच होते.

त्याच दिवशी चुलत बहीण गेली आणि थोरली परत आली. मला ऐसपैस रकाना मिळाला. बैल गेला अन् झोपा केला! साहेबांनी माझे कौतुकही केले. मला त्या कौतुकाचा रागच आला.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती असे तक्ते येतील. सूत्र निवडताना ते काय मोजते आणि काय वगळते, ते आधी पाहा. थोरलीचे आणि माझे पटत नसेल, तर आमच्या भांडणात जरूर नाक खुपसा. आणि एखाद्याच्या नावापुढे आकडा नसेल, तर तो नापास समजू नका, त्याला काय झाले ते विचारा. मात्र हे सगळे निकाल लावण्याआधी करा. माझ्या शेजारचा आकडा कारकूनकाकांनी चुटकीसरशी दुरुस्त केला. पियानोकाका मात्र अजूनही चौकात उभे राहतात आणि कुणीतरी हात धरेल म्हणून वाट पाहतात.