पाच नंबरची खाट आणि बबिताचे आठ दिवस

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या खोलीत, खिडकीपाशी माझी जागा. माझ्या कपाळावर पाच हा आकडा आहे. रंग उडाला, आकडा तेवढा टिकला.

वेल्डिंगच्या दुकानात माझी ठिणग्यांनी आंघोळ झाली, अंगावर पांढरा रंग चढला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मी इथे आले. तेव्हा माझं कोण कौतुक! पहिल्या बाळंतिणीला निजवण्याआधी आयाबाईने माझ्यापुढे नारळ फोडला होता. खिडकीबाहेर मारुतीचं देऊळ आहे. दरवर्षी तिथे सप्ताह बसतो. मृदंगावर थाप पडली की माझ्या पट्ट्याही हळूच झणझणतात. गोष्ट कशी सांगावी हे मी कीर्तनकार बुवांकडूनच शिकले. ते घाई करत नाहीत. मीही करणार नाही.

किती आया माझ्यावर निजल्या, मोजदाद नाही. देवळात देव एक, पण माझ्या अंगावर दर दोन-तीन दिवसांनी नवी माउली. त्यांच्या कळा मी सोसल्या नाहीत, पण मुठी माझ्याच गजावर आवळल्या गेल्या. त्या मुठींपुढे लोखंड मऊ वाटतं, हे मी स्वतः लोखंड असून सांगते.

मग चाकांच्या नव्या खाटा आल्या. माझा एक पाय वाकला होता. मला मागच्या व्हरांड्यात, फुटक्या बादल्यांशेजारी ठेवलं. पावसाळे गेले, गंज चढला. पण यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत खोली भरली, आणि सिस्टर उर्वशीने मला पुसून, पायाखाली वीट लावून पुन्हा खिडकीपाशी उभं केलं.

त्याच दिवशी फुलसावंगीकडच्या तांड्यावरून बबिता आली. सोबत तिचा नवरा गुलाबसिंग आणि सासू मानीबाई. मानीबाईने मला हलवून पाहिलं. मी करकरले.

"ही तं माह्यापेक्षा म्हातारी हाय," ती म्हणाली.

बबिताला मुलगी झाली. सुखरूप झाली. नोंदीच्या कागदावर मानीबाईने सुनेचं वय लिहायला लावलं होतं बत्तीस. बबिता तेव्हा मान खाली घालून बसली होती. मला मात्र तिच्या श्वासातून कळत होतं की हे अंग थकलेलं आहे. पण खाटेला कोण विचारतो?

शेजारच्या खाटेवर सोनू होती, वीस वर्षांची. तिसऱ्या दिवशी तिला घरी जायची परवानगी मिळाली. बबिताचं रक्तदाबाचं माप सकाळी थोडं चढं होतं, पण बत्तीसच्या मानाने डॉक्टरीणबाईंना फार वाटलं नाही. तिचाही कागद तयार झाला. घरी सोडणारी गाडी दारात लागली. मानीबाईने गाठोडं बांधलं आणि निरोप घेता घेता सोनूच्या आईला सुनेचं आख्यान लावलं. काय रंगली म्हणून सांगू! हातात चिपळ्या तेवढ्या नव्हत्या. दोन लेकरं पोटातच गेली, तांड्यातल्या बायांनी तोंडावर टोमणे मारले, सगळं सांगून झालं.

"माही सून म्हंजे सोनं हाय. एकोणीसची आणली घरात. बावीस वर्सं वाट पाह्यली, पण एक दिवस रडून नाई दाखवलं."

उर्वशी सोनूच्या बाळाची दुपटी घडी करत होती. तिचे हात थांबले.

"आजी, कागदावर बत्तीस हाय. मंग लग्नात दहा वर्साची नवरी आणलती काय तुमी?"

खोलीतल्या बाया हसल्या. मानीबाई हसली नाही. गाठोडं माझ्यावर ठेवून ती टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, "इच्या जोडीच्या बाया आज्या झाल्या, पोरी. लोकं हासतीन म्हणून कमी सांगतलं."

"वय कागदावर लपते, आजी. आंगात नाई लपत."

उर्वशी रागावली नाही. एवढंच बोलून तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. एकेचाळीस हा आकडा ऐकताच त्यांनी दोनदा रक्तदाब मोजला आणि सांगितलं, सोनूचं शरीर वीसचं आहे, बबिताचं नाही. सोनूच्या दिवसांच्या हिशोबाने हिला घरी नेता येणार नाही. निदान आठवडाभर इथेच. गुलाबसिंग म्हणाला, कापूस पडून राहील. मानीबाईनेच त्याला गप्प केलं. गाडी सोनूला आणि तिच्या घरच्यांनाच घेऊन गेली.

पाचव्या दिवशी सकाळी बबिताचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिची मूठ माझ्या गजावर आवळली, नेहमीसारखी नव्हे, बुडणाऱ्यासारखी. पण उर्वशी चार पावलांवर होती. इंजेक्शन लागलं, डॉक्टरीणबाई धावत आल्या. दुपारपर्यंत ती मूठ सैल झाली. तांड्यावर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला, बबिता कोणाच्या हाती राहिली असती, हा विचार मी आजही पुरा करू शकत नाही. पांडुरंगाने त्या दिवशी पांढरा कोट घातला होता, एवढंच म्हणेन.

आठव्या दिवशी बबिता निघाली. जाताना मानीबाई नोंदीच्या टेबलाशी थांबली आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लिव बाई, एकेचाळीस. खरं लिव." बबिताने पहिल्यांदाच मान वर केली.

मग मानीबाई माघारी वळली. माझ्या गंजक्या कपाळाला कुंकू लावलं. "म्हातारीनं राखलं माह्या सुनेले," ती म्हणाली. मी करकरले. तिला वाटलं, वीट सरकली.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा, असं मी मागणार नाही. मागणं वेगळंच आहे. आज घरी जाल तेव्हा आईजवळ बसा आणि विचारा, मी झालो तेव्हा तू किती वर्षांची होतीस, आणि तुला किती दिवस निजू दिलं? ती हसेल, म्हणेल, काहून विचारतं रे? तरी विचारा. आणि उत्तर ऐकून झालं की, तिच्या हातातलं काम थोडा वेळ तुम्ही घ्या.