उताराचे आकडे

"हा इथे नऊ का आहे?"

दिग्दर्शकाने मॉनिटरवर बोट ठेवलं आणि खोलीतले सगळे एकदम आपापल्या कामाला लागले.

मॉनिटरवर मालिकेतला खलनायक रुग्णालयाच्या पलंगाशी बसून म्हाताऱ्या बापाची नखं कापत होता. प्रसंग पहिल्या भागातला. अजून तो खलनायक झालेलाच नव्हता. धरणावरचा साधा इंजिनियर, बापावर जीव असलेला. पण डोळ्यांखाली काळं उतरलं होतं, गालावर निळ्या शिरा होत्या आणि नेलकटर असा चालत होता की पुढच्या खेपेला बोटच जाणार.

"मी सकाळपासून गच्चीवर हिरोला तारेवर उडवतोय, आणि इथे पहिल्याच भागात राक्षस बसवून ठेवलात?" दिग्दर्शक म्हणाला. "चार शॉट गेले. पाच वाजता ही खोली परत द्यायचीय. वहीबाई कुठायत?"

वहीबाई दाराशीच होती. कुठल्या शॉटमध्ये कोणाची बाही दुमडलेली होती, पेला किती भरलेला होता, हे वहीत टिपून ठेवायचं तिचं काम. चित्रीकरण कधीच ओळीने होत नसे. सकाळी चाळिसावा भाग, दुपारी तिसरा. एक भला माणूस हळूहळू बिघडत जातो ही गोष्ट अशी तुकड्यातुकड्यांनी करायची, तर तो आज कितपत बिघडलेला आहे हे कोणालातरी ठाऊक असायला हवं. म्हणून तिने 'उतार' काढला होता. शून्य म्हणजे सज्जन, दहा म्हणजे शहर बुडवणारा. प्रत्येक प्रसंगाला एक आकडा. रोज सकाळी ती आकड्याची चिठ्ठी मेकअपच्या आरशाला चिकटवायची. मेकअपकाका तेवढा चेहरा काळवंडवायचे आणि नटाला सांगायचे, "आज सहा हं, साहेब." नट मग सहात जाऊन बसायचा.

"वहीत बघा," ती म्हणाली. "एक आहे."

वहीत स्वच्छ एक होता.

"मला काकांनी नऊ सांगितलं," नट म्हणाला. "मला वाटलं, नखं कापून झाल्यावर बापाला मारतोय की काय. आपल्याला पानं मिळतात सकाळी, पुढचं कोणाला माहीत?"

कोणीतरी हसलं. दिग्दर्शक हसला नाही. दोन महिन्यांपूर्वी हिरोच्या उजव्या मनगटाची पट्टी डाव्या मनगटावर गेली होती, तेव्हा त्याने वहीबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा नको. त्या दोन शब्दांवर ती दोन महिने नोकरी करत होती.

"काकांनी विचारून घ्यायला हवं होतं," ती म्हणाली. "पहिल्या भागात नऊ कसा असेल?"

"तेच म्हणतोय मी. तीस वर्षं काम करणारा माणूस असा कसा चुकेल?"

इथे ती गप्प बसू शकली असती. दिग्दर्शक तिच्याकडे बघत होता, आणि त्याची नजर तिच्या वहीवरून तिच्या हातातल्या पेनवर आली.

"त्यांना हल्ली नीट दिसत नाही," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत."

तिन्ही वाक्यं खरी होती. मोतीबिंदूचं तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. महिन्यापूर्वी काकांनीच तिला चहाच्या वेळी सांगितलं होतं. त्यांनी आयुष्यभर गर्दीतले चेहरे रंगवले, मेलेले शिपाई, जखमी वाटसरू. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चेहरा हातात यायची ही पहिली वेळ. "एवढा एक माणूस पुरता बिघडवतो, मग डोळ्यांचं बघतो," ते म्हणाले होते आणि स्वतःच खो खो हसले होते. "कोणाला बोलू नकोस गं, वहीबाई."

मेकअपच्या खोलीत कोणी नव्हतं. आरशावर चिठ्ठी होती. तिने ती जवळून पाहिली, मग दोन पावलं मागे सरून पाहिली. घाईत तिच्या हातून १ ची शेपटी जास्त वळली होती. चांगल्या डोळ्यांच्या माणसानेही नऊच वाचला असता. तिने चिठ्ठी काढून घडी केली आणि खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी मेकअपच्या खुर्चीमागे नवी मुलगी होती. काका शेजारी स्टुलावर बसून तिला काम सोपवत होते.

"गालाला तो डिंक लावू नकोस, साहेबांना पुरळ येतं. आणि बोटं आधी चोळून गरम कर. गार बोट लागलं की माणूस चेहरा आत ओढून घेतो. मग वर कितीही रंगव, काही उपयोग नाही."

"काका, आता मला बिघडवणार कोण?" नट डोळे मिटून म्हणाला.

"तुम्ही झालात तरबेज. आता आपलं आपण बिघडा."

वहीबाई आरशाला चिठ्ठी चिकटवत होती. आज तिने आकडा अक्षरात लिहिला होता: चार. "चार. अक्षरात लिहिलंय," नव्या मुलीने वाचलं. काकांनी वहीबाईच्या दिशेने मान वळवली.

"अक्षरात लिहिलंस काय? बरं केलंस."

त्यांच्या बोलण्यात काही आहे का, ते तिने शोधून पाहिलं. सापडलं नाही.

त्या दिवशीचा प्रसंग असा होता: धरणाच्या भिंतीला तडा जातो, चूक इंजिनियरची असते, आणि चौकशीत तो आपल्या हाताखालच्या माणसाला अडकू देतो. तालमीत नट अडला.

"वहीबाई, हे चार म्हणजे काय गं? तीनला तो गप्प बसतो. पाचला चक्क खोटं बोलतो. मधे काय करू? तोंड वाकडं करू का थोडं?"

"तोंडाला काही करू नका," ती म्हणाली. "चारला तो खरं बोलतो."

"खरं?"

"अगदी खरं. फक्त दुसऱ्याबद्दलचं. आणि आवाजात काळजी असते."

नटाने तिच्याकडे पाहिलं. "च्यायला," तो हळूच म्हणाला.

पहिल्याच शॉटला त्याने तसं केलं. "त्याची बायको आजारी आहे साहेब, रात्र रात्र झोपत नाही बिचारा," असं तो चौकशी अधिकाऱ्याला म्हणाला, आणि सेटवरच्या माणसांना उगाचच एकमेकांकडे बघावंसं वाटलं. दिग्दर्शकाने खुर्चीवर थाप मारली. "हे कोणाचं डोकं?" नटाने वहीबाईकडे बोट केलं. "बाई, आता जागेवरून हलायचं नाही तुम्ही," दिग्दर्शक म्हणाला. "पुढचा सगळा उतार नटाला तुम्हीच समजावायचा."

काम संपल्यावर ती वही घेऊन बाहेर आली. जिन्यात दिवा नव्हता. वरच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. चार पायऱ्या खाली काका होते. एका हातात रंगांची पेटी, दुसरा हात भिंतीवर. चपलेच्या टोकाने ते पुढची पायरी चाचपायचे, मग दुसरा पाय तिच्यावर आणायचे, मग थोडं थांबायचे.

तिच्या पावलांचा आवाज ऐकून ते थबकले.

"कोण आहे?"

खाली अजून बऱ्याच पायऱ्या होत्या. पेटी तरी आपण घ्यावी, असं तिच्या मनात आलं. त्यासाठी आधी नाव सांगावं लागलं असतं. ती श्वास धरून उभी राहिली.

काकांनी क्षणभर वाट पाहिली. मग ते भिंतीला पाठ टेकवून अंग चोरून उभे राहिले, आणि पेटी त्यांनी छातीशी उचलून धरली, कोणाला लागू नये म्हणून.

"जा, तुम्ही जा पुढे," ते म्हणाले. "मला वेळ लागेल."

ती त्यांच्या समोरून, चवड्यांवर, खाली उतरून गेली.