पाहुण्यांचा परिचय

पाहुण्यांचा परिचय करून द्यायला संग्रामदादा उभे राहिले की अमेरिकेतल्या पार्सिपनीतली अनुभवी माणसं खुर्चीत जरा सैल होऊन बसतात. मराठी मंडळाचा अध्यक्ष व्हायला दुसरं काही नसलं तरी चालतं, पण घसा लागतो, आणि दादांचा घसा नागपुरातल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये घडलेला. त्यात यंदाचा प्रसंगही साधा नव्हता. इतकी वर्षं शाळांच्या कॅफेटेरियात गणपती बसवून, पिझ्झाच्या वासात अथर्वशीर्ष म्हणून झाल्यावर मंडळाने अखेर स्वतःची वास्तू घेतली होती. बंद पडलेलं एक चर्च. आणि ते बांधणारा आयरिश आर्किटेक्ट चक्क हयात निघाला होता. मग त्याचा सत्कार केल्याशिवाय मंडळ सोडतंय होय!

कॉर्मॅक डेव्हिन पहिल्या रांगेत वीणाच्या शेजारी बसला होता. ऐंशी ओलांडलेला, उंच, हाताची बोटं सुतारासारखी जाड. परिचय मराठीत, म्हणून शेजारी कुणीतरी इंग्रजीत सांगणारं हवं होतं. वीणाला बसवलं, कारण तिच्या दोन्ही भाषा चांगल्या होत्या आणि ती कधी मध्ये मध्ये करत नाही, अशी तिची ख्याती होती. तिचा नवरा राजीव म्हणजे मंडळाची बिल्डिंग कमिटी. मुलगी रुही कमरेला ढोल बांधून पथकातल्या पोरांबरोबर बाजूच्या दारात उभी होती. भाषण संपायची वाट बघून बघून ती पोरं कंटाळली होती.

"आयर्लंडच्या किनाऱ्यावर एका होड्या बांधणाऱ्याच्या घरात सरांचा जन्म झाला," दादा सांगत होते, "आणि पाऊस आला की ही भावंडं बापाच्या पालथ्या होडीखाली जाऊन बसायची!"

वीणा हळू आवाजात इंग्रजी करत होती. पुढे मासे आटले, होड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि पोरगा ब्रॉन्क्समधल्या मावशीकडे आला. दिवसा विटा वाहिल्या, संध्याकाळी आर्किटेक्चर शिकला. एका म्हाताऱ्या पाद्र्याने विश्वास टाकला म्हणून पहिलं चर्च मिळालं. मग न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, जिथे जिथे आयरिश मजुरांची वस्ती होती तिथे तिथे त्याची चर्चं उभी राहिली. मनोरे नाहीत, दगडी नक्षी नाही. सगळ्यांना लाकडी छत, आणि प्रत्येक छत पालथ्या होडीचं. नंतर माणसंच चर्चला येईनाशी झाली. एका चर्चची जिम झाली, एकात बिअर बनते, एक पाडून त्याचं पार्किंग केलं.

"सर, तुमच्या लेकी अशा एकेक करून गेल्या," दादांचा आवाज दाटून आला, "पण ही एक लेक आमच्याकडे नांदायला आलीय. तिला आम्ही काही कमी पडू देणार नाही!"

टाळ्या झाल्या. वीणालाही भरून आलं. तिने ते वाक्य जमेल तसं इंग्रजीत सांगितलं, पण डेव्हिनचं लक्ष नव्हतं. तो मान वर करून छताकडे बघत होता.

"माझ्या सळ्या कुठे गेल्या?" त्याने विचारलं.

वीणाला ठाऊक होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, डोक्याच्या बऱ्याच वर, लोखंडी सळ्या गेलेल्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड, दिसायला किरकोळ. गेल्या आठवड्यात पथकाचा भगवा ध्वज नाचवायचा म्हणून आत उंचावून बघितला, तर काठी सळीला आपटली. ध्वज वाकवायचा? शक्यच नाही. त्याच शनिवारी राजीवने कटिंग मशीन भाड्याने आणलं आणि मधल्या सळ्या कापून टाकल्या. "डेकोरेटिव्ह आहेत यार, दिवे टांगायला असतील," असं तो म्हणाला होता. शिडी वीणानेच धरली होती.

तिने खरं काय ते सांगितलं. तिला वाटलं म्हातारा चिडेल. तो चिडला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"होडी पालथी घातली की तिच्या कडा बाहेर पसरायला बघतात," तो म्हणाला. "छत सतत भिंतींना बाहेर ढकलतंय. सळ्या त्या भिंतींना ओढून धरत होत्या. तिकडे बघ."

भिंत जिथे संपते आणि छत जिथे सुरू होतं तिथे उन्हाची एक बारीक रेघ दिसत होती. वीणाने सकाळी ती पाहिली होती. तिला ती छान वाटली होती.

"तिथून ऊन आत यायला नको," डेव्हिन म्हणाला. "लोकांना बाहेर काढ."

"पडेल?"

"पडेल. कधी, ते मला माहीत नाही. आज कुणी मोठा आवाज केलेला नाही, म्हणून उभं आहे."

तो उठला. मान्यवर आपणहून उठले, हे बघून दादांनी परिचय आवरता घेतला आणि सत्काराला हात घातला. दोन काकू तबक घेऊन पुढे आल्या. कपाळाला कुंकू लागलं, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि लतिका नावाच्या उत्साही खजिनदारबाईंनी त्याच्या डोक्यावर तयार फेटा बसवला. तो प्रत्येकीला काहीतरी सांगत होता. जी ती हसून हात जोडत होती. शेवटी त्याने माईककडे हात केला, तर दादांनी तो हात प्रेमाने दोन्ही हातांत धरला.

"मनोगत शेवटी, सर."

डेव्हिनने दादांच्या कानाशी तोंड नेलं. तो काय म्हणाला ते वीणाला ओठांवरून कळलं. दादांनी मान हलवली.

"येस सर, डेफिनिटली. राइट आफ्टर आरती."

दादांना दुष्ट म्हणता येणार नाही. पाहुण्याच्या प्रत्येक शब्दाला हो म्हणायचं आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे न्यायचा, याला आपल्याकडे आदरातिथ्य म्हणतात. ते त्यांनी मनापासून केलं.

वीणा मखरापाशी गेली. राजीव आरतीचं तबक घेऊन उभा होता. तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने वर बघितलं, उन्हाची रेघ बघितली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तू सांग सगळ्यांना. तुझं ऐकतील," ती म्हणाली.

"आत्ता? एवढ्या लोकांसमोर? सळ्या कापायचं कमिटीने अप्रूव्ह केलंय असं सांगितलंय मी." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "पॅनिक झालं तर चेंगराचेंगरी होईल, वीणा. आरती होऊ दे. मग मी शांतपणे सगळ्यांना बाहेर नेतो."

ऐकायला ते शहाणपणाचं वाटत होतं. राजीवचं सगळंच ऐकायला शहाणपणाचं वाटायचं. तेवढ्यात पथक आत येऊन रांगेत उभं राहिलं. वीणा धावत रुहीकडे गेली.

"रुही, बाहेर चल. आत्ताच्या आत्ता."

"मॉम, नॉट नाऊ! एव्हरीवन इज लुकिंग."

पहिला ठोका पडला. सगळ्या ढोलांचा एकदम, छातीत शिरणारा. लोकांनी आनंदाने आरोळी दिली, आणि वरून पांढरट धूळ खाली आली. एका काकूंनी ती केसांतून झटकली आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागल्या. वर काहीतरी करकरलं. ढोलाच्या आवाजात ते फक्त दोघांना ऐकू गेलं, ज्याने छत बांधलं त्याला आणि वीणाला.

दाराजवळ भिंतीवर लाल डबी होती. वीणा आयुष्यात कधी रांग मोडून पुढे गेली नव्हती. तिने लोकांना कोपराने ढकललं, डबीपर्यंत पोचली आणि दांडी खाली ओढली.

फायर अलार्म किंचाळायला लागला. त्यानंतर जे झालं ते त्या गोंधळातही तिला दिसलं. इथे जन्मलेली, आईबापाचं एक अक्षर न ऐकणारी ती पोरं एका क्षणात थांबली. त्यांनी ढोल सोडून जमिनीवर ठेवले, ध्वज भिंतीला टेकवला, आणि बालवाडीपासून शाळेने आगीच्या सरावात गिरवून घेतल्याप्रमाणे, न बोलता, न धावता, एकामागून एक बाहेर चालायला लागली. लहानांचा हात मोठ्या पोरांनी धरला. रुही मागे वळूनही न बघता गेली.

मोठी माणसं मात्र तिथेच उभी राहिली. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी अलार्म बंद करायचं बटण शोधायला लागलं.

"कुण्या पोरानं खेचला असेल," दादा माईकवरून ओरडले. "निरांजनं लागलीत, आता आरती अर्धवट सोडायची नाही! फायरवाले यायच्या आत उरकून घेऊ!"

आणि आरती सुरू झाली. अलार्मवर मात करायची म्हणून सगळे नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणत होते, जोरजोरात टाळ्या वाजवत होते. वीणा ओरडली, "छत पडतंय!" तिच्या शेजारच्या दोघांनी ऐकलं आणि ते बाहेर पळाले. बाकीच्यांना फक्त तिचं उघडलेलं तोंड दिसलं. तीही आरती म्हणतेय असं त्यांना वाटलं असणार. ती राजीवपर्यंत पोचली आणि तिने त्याची बाही धरली. तबक हिंदकळलं.

"चल!"

"तू रुहीकडे जा," तो तिच्या कानात म्हणाला. त्याचे डोळे छतावर होते. "दोन कडवी राहिलीत. यांना घेऊन आलोच."

डेव्हिन बाहेर हिरवळीवर होता. डोक्यावर फेटा तसाच. नारळ टाकून दोन्ही हात पसरून तो पोरांना भिंतीपासून लांब, आणखी लांब, रस्त्याच्या कडेपर्यंत हाकत होता. वीणाने रुहीला गाठलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. लांबून सायरनही ऐकू यायला लागला होता.

आधी दोन्ही भिंती हलल्या. अगदी थोड्या, बाहेरच्या बाजूला. मग छत मधोमध वाकलं आणि आत गेलं, आणि सगळ्या खिडक्यांतून एकदम धूळ बाहेर आली. टाळ्या बंद झाल्या. अलार्म चालूच होता.

दारातून माणसं येत होती. पांढरी झालेली, खोकणारी, एकमेकांना धरून. लतिका आली. दादा आले, कपाळातून रक्त येत होतं आणि मुठीत अजून माईक होता. मग कुणी येईना.

"मॉम," रुही म्हणाली. "डॅड कुठेय?"

वीणा दाराकडे बघत होती.

"आलोच म्हणालाय," ती म्हणाली.