मायेला मुदत

डॉक्टरसाहेब, तुम्ही कुंदाचं पोट तपासलंत, कुंदाला तपासलं नाही. वजन, रक्त, पायावरची सूज, बाळाचे ठोके, सगळं पाहिलंत. आठव्या महिन्यात ती तुमच्यासमोर रडायला लागली, तेव्हा मान वर न करता म्हणालात, "पहिलटकरणी घाबरतातच." आणि पुढच्या बाईला हाक मारलीत.

सासरी रावेरला तिला एकच विचारणा होती, डोहाळे कसले लागले? केळीबागेतून येता-जाता बायका विचारायच्या. कुंदाला काही खावंसं वाटत नव्हतं, खरं म्हणजे जगावंसंही वाटत नव्हतं. पण हे कोणाला सांगायचं? शेवटी सासूला, इंदिराबाईंना, बरं वाटावं म्हणून ती खोटंच म्हणाली, "भरीत." सासूने हौसेने कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली. सुनेने चाटूनपुसून खाल्लं आणि गोठ्यामागे जाऊन ओकलं.

बाळंतपणाला ती माहेरी, भडगावला आली. शहाऐंशी सालची थंडी होती. मुलगा झाला, पेढे वाटले. आईने, द्रौपदाबाईने, पोर तिच्या कुशीत ठेवलं, तर कुंदा छताकडे बघत राहिली. वेळेवर पाजायची, पुसायची, पण दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतल्यासारखी. एक दिवस वडिलांना म्हणाली, "आबा, हाऊ पोऱ्या मना शे असं वाटतच नही."

पोर आपलं वाटत नाही, हे शेजारणीने ऐकलं आणि ऐकलेलं पाय फुटून रावेरला पोचलं. तिकडून निरोप आला : सव्वा महिन्याने बारशाला येऊ तेव्हा पोर घेऊन जाऊ, थोरली जाऊ वरच्या दुधावर वाढवेल. डोकं ठिकाणावर येईपर्यंत कुंदाने माहेरीच राहावं.

निरोप ऐकला आणि गिरधरआबा उठले. कुंदा होती त्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस भरलेला, दार बंद, खिडकीला पोतं, बाजेखाली शेगडी. आबांनी दार उघडलं आणि बाज उचलून अंगणात आणली.

"वारा लागी जाई तिले," द्रौपदाबाई मागे धावली. "लोके काय म्हणतीन?"

"लोकेसले सांग, बाप येडा व्हयी गया."

ते अंगण कुंदाला अजून आठवतं. आबा राहिले नाहीत, अंगणावर स्लॅब टाकला, तरी आठवतं. कोवळं ऊन, पायाखाली शेंगांची टरफलं, गिरणा नदीच्या वाटेने जाणाऱ्या बैलगाड्यांचा खडखडाट. रेडिओवर कापसाचा भाव लागला की आबा रेडिओलाच शिव्या घालायचे आणि त्या ऐकून तिला हसू यायचं. किती महिन्यांनी आलेलं हसू.

तिथेच तिने आबांना सगळं सांगितलं, भरीतसुद्धा. आबा पोट धरून हसले. मग म्हणाले, "पहिलारू म्हैस कधीकधी पारडू जवळ करत नही. तिले मारतस का? पारडू नजरेसमोर बांधतस, आनि वाट दखतस."

"मी म्हैस शे का, आबा?"

"नही ना. म्हशीले कोनी नावं ठेवत नही. तुले ठेवतस."

मग पोर तिच्या बाजेवरच राहिलं. जीव लाव, असं आबांनी कोणाला म्हणू दिलं नाही.

एका सकाळी न्हाऊ घालणारी बाई आली नाही. कुंदा पाटावर पाय पसरून बसली, पोर पायांवर घेतलं. तेलाने ते निसटत होतं. पाणी घालायला तांब्या उचलला, तर पोराने सरळ तिच्या तोंडावर धार सोडली.

"अरे गाढवा, लाज वाटते का?"

पोराशी ती पहिल्यांदा बोलली होती. तोवर सगळं मुक्याने चाललेलं. पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. पलीकडे लाकडं फोडणाऱ्या आबांची कुऱ्हाड थांबली. ते वळले नाहीत. घटकाभराने कुऱ्हाड पुन्हा चालू झाली.

त्यानंतर कुंदा त्याला रोज शिव्या घालू लागली. पाजताना भांडायची, आबांच्या चहाड्या सांगायची, उठायला उशीर केला तर तो जिवंत आहे ना म्हणून नाकापुढे बोट धरायची.

बारशाला इंदिराबाई आल्या. मागे थोरली जाऊ, बेबाबाई, हातात दुधाची बाटली.

"पोराला न्यायला आलो, बाई. तुला माया नाही, तर त्याचे हाल कशाला?"

"थोडी आलीय, आत्याबाई. उरलेली येईल. पोर मी देणार नाही."

"थोडी? माया काय हप्त्याने येते? आईला कळ सुटते तेव्हाच माया सुटते. आम्ही नाही का पोरं वाढवली?"

इंदिराबाईंनी हात पुढे केले. कुंदाने पोर छातीशी घट्ट धरलं.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी सुटली होती?"

सासूचे हात तसेच राहिले. बाटली धरून उभी असलेली बेबाबाईही आता त्यांच्याकडे बघत होती.

"मला शिकवायला म्हणून नको, खरं सांगा," कुंदा म्हणाली. "पहिलं पोर कुशीत ठेवलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? आधी ते सांगा, आत्याबाई, मग पोराला हात लावा."