उसवलेला कशिदा

गुलबानोनं सुईच्या टोकानं पहिला टाका उचलला आणि उसवायला घेतलं. दीड महिना खपून तिनंच भरलेलं जाकीट होतं ते. आता तिनंच ते बोडकं करायचं होतं.

ऑर्डर हॉलंडची. तिथल्या एका श्रीमंत घराण्याला दीडशे वर्षांपूर्वीचे आपले कपडे प्रदर्शनासाठी नव्यानं करून हवे होते. मालकिणीचं भरजरी जाकीट जुनं झालं की त्या घरात ते मोलकरणीला मिळायचं, पण वरचा कशिदा आधी उसवून. कापड गेलं तर गेलं, मान जायला नको! म्हणून मोलकरणीच्या जाकिटावर सगळं काम भरून पुन्हा काढायचं आणि नुसती भोकं ठेवायची, असा हुकूम होता. इथं सोलापुरात, भवानी पेठेत कुणी हा उद्योग केला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

दारात रिक्षा थांबली. सून आली होती, अरिबा. तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात; ते काही परदेशात नाही, पण ईदनंतर ती आजच उगवली होती. गुलबानोला इतका आनंद झाला की पाणी द्यायचंही राहिलं.

"ताबीश न्हाय आला?"

"त्यांना सुट्टी कुटं हाय, अम्मी."

नवरा, लालसाब, गेल्यापासून या घरात बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. या खेपेला तरी पोरगी 'आमच्याकडं चला' म्हणेल, अशी गुलबानोला फार आस होती.

अरिबानं जाकीट उचललं. "हे तर साधंच हाय की. काम होतं हे कुणाला कळणार?"

"डोळ्याला न्हाय कळत. हात फिरव."

अरिबानं बोटं फिरवली. कापडावर बारीक भोकांची वेल चढत गेली होती. तिचा हात मध्येच थांबला.

तिच्या खांद्यावरची मोतिया ओढणी गुलबानोनंच लग्नात दिली होती, आठ महिने रात्रंदिवस भरून. आता ती ओढणी कोरी होती. ईदला गळाभेट घेताना गुलबानोचा हात तिच्या पाठीवरच्या ओढणीवरून फिरला होता.

"अम्मी, तिकडं सोसायटीत सगळ्याजणी साधंच..."

"कोमट पाण्यात भिजव," गुलबानो म्हणाली. "ओली असतानाच इस्त्री फिरव. भोकं बुजत्यात."

अरिबाची मान वर होईना. तशीच ती म्हणाली, "चला की अम्मी, चार दिवस आमच्याकडं."

गुलबानोनं जाकीट परत मांडीवर ओढलं.

"आत्ता न्हाय गं. लई उसवायचं राहिलंय अजून."