क्षमेची रांग

बाईंनी घंटेच्या दोरीला हात घातला आणि तशाच थांबल्या. रांग अजून संपली नव्हती.

त्या धार्मिक निवासी शाळेचा दंडकच होता. दिवसभरात जिला दुखावलं, तिच्यासमोर प्रार्थनेआधी चूक सांगायची आणि क्षमा मागायची. तिने ‘क्षमा केली’ म्हटलं की पाटी कोरी. मग त्या गोष्टीबद्दल कुणी ब्र काढायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही.

रांग रोज एकाच मुलीपुढे लागे. येऊन दोन वर्षं झाली तरी सगळ्या तिला ‘नवी’च म्हणत. सुरुवातीला बाईंना त्या रांगेचं कोण कौतुक! किती नम्र मुली! पुढे काय ते कळून चुकलं. पण तोवर सुजलेले पाय आणि साठ मुलींचा गलबला यांतच त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. रोज मरे त्याला कोण रडे?

“तुझं अंथरूण भिजवलं, क्षमा कर.”

“क्षमा केली.”

“जेवताना तुझ्या शेजारून उठले, क्षमा कर.”

“क्षमा केली.”

शेवटी म्होरकी आली. “तुझ्याशी कुणी बोलायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलंय. क्षमा कर हं.” आवाज इतका गोड, की मागे दोघी-तिघींना हसू आवरेना.

नवीने मान वळवून बाईंकडे पाहिलं.

“म्हणून टाक गं बाळ,” बाई म्हणाल्या. “सगळ्या भुकेल्यात. दोन शब्द बोललीस तर अंगाला काय भोकं पडणारेत?”

“उद्या परत करतील, बाई.”

“उद्याचं उद्या बघू.”

हे त्या आजवर इतक्यांदा म्हणाल्या होत्या, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरी म्हणाल्या.

“क्षमा केली,” नवी म्हणाली. म्होरकी ऐटीत जाऊन आपल्या जागी बसली.

नवी मात्र हलली नाही. हात जोडून तशीच उभी राहिली, बाईंकडे बघत.

“आता काय? झाल्या की सगळ्या.”

“तुम्ही राहिलात, बाई.”

कुणी हसलं नाही. बाई पाय ओढत तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आधी चूक सांगायची असते. कुठल्या दिवसापासून सुरुवात करावी, हेच त्यांना कळेना.